नाशिकच्या वाइनरी दोन दिवसांत: किती, कोणत्या, कशा?

इंद्रायणीकाठ (प्रश्न)

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पुण्याहून नाशिकला निघतोय. आम्ही सहाजण आहोत: दोन जोडपी आणि माझे आईबाबा. आईबाबा घेत नाहीत, पण बाबांना शेती बघायची फार हौस. गाडी स्वतःची आहे. यादीत सध्या सुला, यॉर्क, सोमा, शांदों आणि व्हॅलोने अशा पाच वाइनरी आहेत. सोमवारी तसंच पुढे सापुताऱ्याला जायचा विचार आहे.

दोन दिवसांत पाच बसतील का? क्रम कसा लावावा? टेस्टिंगला गेल्यावर नेमकं काय बघायचं, काय विचारायचं? फोटो काढून परत यायचं नाहीये, काही समजून घ्यायचंय.

गोदातीर

पाच बसणार नाहीत. बसवल्या तर तिसऱ्या वाइनरीनंतर जीभ थकते आणि पुढच्या सगळ्या वाइन सारख्याच लागतात. दिवसाला दोन पुरेत, आणि दोन्ही एकाच दिशेच्या हव्यात. नकाशावर सगळं 'नाशिक' म्हणून दिसतं, पण प्रत्यक्षात चार दिशा आहेत.

पहिली गंगापूर धरणाची. सुला गोवर्धन शिवारात, शहरापासून दहा-बारा किलोमीटर. यॉर्क तिथून जवळच, धरणाच्या पाण्याच्या बाजूला (२०२१ पासून तीही सुलाकडेच आहे). त्याच रस्त्याने आणखी पुढे गंगावऱ्ह्याकडे सोमा. दुसरी दिंडोरीची, तिकडे शांदों. तिसरी मुंबईच्या बाजूची, इगतपुरी तालुका: संजेगाव-कावनई भागात मुकणे धरणाजवळ व्हॅलोने आणि ग्रोव्हर झम्पा. चौथी निफाड-विंचूरची. तिथे एमआयडीसीचं वाइन पार्क आहे आणि निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेलो. ही बाजू देखाव्यासाठी कमी, द्राक्षशेती बघण्यासाठी जास्त.

तुम्ही पुण्याहून येताय, त्यामुळे एक सोय आहे. सिन्नरला आल्यावर नाशिकमध्ये न शिरता घोटीचा रस्ता धरा. शनिवारी दुपारी थेट व्हॅलोने गाठा, जेवण तिथेच करा, संध्याकाळी महामार्गाने नाशिकला मुक्कामी या. नाशिकला येऊन परत इगतपुरीला जाण्यात जवळजवळ शंभर किलोमीटरचा हेलपाटा पडतो, तो वाचेल. पुण्याहून सकाळी सहाला निघा. चाकण, नारायणगाव, संगमनेर असा रस्ता आहे आणि चाकणची कोंडी उशिरा निघालेल्याचा तास सहज खाते.

रविवारी सकाळी शांदों किंवा यॉर्क, दुपारी सुला. रविवारी दुपारी चारनंतर सुलाला भयंकर गर्दी असते, टेस्टिंगच्या काउंटरवर नीट दोन शब्द बोलता येत नाहीत. सुलाची टूर अकरा-बाराच्या आत उरकता आली तर उत्तम, मग यॉर्कला दुपारी निवांत जा. शांदोंला आधी वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका, गेटवरून परत यावं लागेल. व्हॅलोनेलाही टूर हवी असेल तर आधी फोन करा. लहान वाइनरीत टूर देणारा माणूस आणि टाक्यांवर काम करणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो, आणि फेब्रुवारीत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

ओळखपत्र सगळ्यांचं न्या. २१ वर्षांखालच्यांना टेस्टिंग मिळत नाही. आणि तारीख ठरवताना ड्राय डे बघा. तुमच्या तारखेला अडचण दिसत नाही, पण पुढे कोणी हा धागा वाचून २६ जानेवारीच्या जोडून सुट्टीत येणार असेल तर लक्षात ठेवा: त्या दिवशी वाइनरी बघायला मिळेल, वाइन मिळणार नाही. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरचं तसंच. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद.

आणि सापुतारा. तो गुजरातमध्ये आहे, तिथे दारूबंदी आहे. गाडीत वाइनची एक सीलबंद बाटली सापडली तरी गुन्हा दाखल होतो, बिल दाखवून सुटका होत नाही. सापुतारा ठरलेलाच असेल तर नाशिकहून बाटल्या घेऊ नका, किंवा आधी सापुतारा करून परतीला नाशिक ठेवा.

काडी_ओलांडा

तुमच्या वडिलांसाठी लिहितो.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणजे ऐन खुडा. फसफसणाऱ्या वाइनची द्राक्षं तोवर बहुतेक निघून गेलेली असतात, कारण ती मुद्दाम कमी साखरेवर, १८-१९ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) खुडतात. शेनिन ब्लां, सोव्हिनियों ब्लां या पांढऱ्या जाती २१-२२ च्या आसपास. शिराज, कॅबर्ने या तांबड्या जाती २३-२४ पर्यंत थांबतात, म्हणून ती मार्चपर्यंत चालतात. तुम्हाला पांढऱ्याचा शेवट आणि तांबड्याचा मध्य असं दोन्ही बघायला मिळायला हवं.

पण हे बघायचं असेल तर सकाळी जा. खुडा पहाटे, काही ठिकाणी रात्रीच करतात. दुपारी ऊन तिशीच्या वर जातं, गरम घड क्रेटमध्ये दबले की रस सुटून तिथेच आंबायला लागतो आणि सोव्हिनियोंचा वास तर पार उडतो. ट्रॅक्टरमधून क्रेट उतरणं, घडाचे देठ वेगळे करणारं यंत्र, दाबयंत्र, बाहेर पडणारा चोथा हे सगळं साधारण अकराच्या आत. दुपारी तीनला गेलात तर धुतलेली फरशी दिसेल.

बाबांना खाण्याची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं यांतला फरक दाखवा, तो डोळ्यांना लगेच कळतो. वाटेत लागणारी थॉमसनची बाग मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर असते, घड डोक्यावर लोंबतात. त्याला जीए (वाढीचं संजीवक) देऊन मणी लांब आणि फुगीर केलेला असतो, निर्यातीच्या मालाला कागदही गुंडाळतात. वाइनची वेल सरळ उभ्या तारांवर चढवलेली असते, घड गुडघ्या-कमरेच्या उंचीवर एका रेषेत. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बी. बागायतदाराला हा माल पहिल्यांदा बघून गरिबाचा वाटतो. पण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून इथे फुगवण नकोच असते. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी पिकायला लागला, की ठिबकचं पाणीही कमी करत नेतात.

आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्या शेतकऱ्याला नक्की आवडते. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते आणि वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते आणि काडीच्या डोळ्यांत घड ठरतो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिचं पीक चार-पाच महिन्यांनी येतं. एप्रिलनंतर फुटलेल्या फुटव्याला ऊन आणि खाणं नीट मिळालं नाही तर ऑक्टोबरात कितीही चांगली छाटणी करा, फुटीला घडच नसतो. फेब्रुवारीत जो घड दिसतो तो गेल्या मे-जूनमध्ये ठरलेला असतो. टूरवर बाबांनी हे विचारलं तर सांगणारा माणूस खुलून बोलेल, नेहमीच्या 'फोटो कुठे काढू'पेक्षा वेगळा प्रश्न म्हणून. खुंट (ज्या मुळाच्या वेलीवर कलम बांधतात तो) कोणता तेही विचारू द्या. डॉगरिज की ११०आर, यावर वेलीचा जोर ठरतो, आणि वाइनच्या बागेत फार जोर परवडत नाही. पानं माजली की घडाला सावली होते, भुरी (बुरशीचा रोग) येते.

बागेत न विचारता शिरू नका आणि घड तोडून तोंडात टाकू नका. औषधांची फवारणी आणि खुडा यांत किती दिवस गेलेत हे तुम्हाला माहीत नसतं.

द्राक्ष तुडवण्याचा खेळ या दिवसांत ठेवलेला असतो. मुलांना मजा येते, जरूर करा, पण त्या द्राक्षांची वाइन करत नाहीत. पायाला गोड चिकट रस लागतो, मधमाश्या येतात. जुनी चप्पल आणि टॉवेल जवळ असू द्या.

बॅरल_२२५

वरच्या दोघांनी रस्ता आणि बाग सांगितली, मी टेस्टिंगचं सांगतो. इथेच लोक सगळ्यात जास्त गमावतात.

सकाळी नाश्त्याला मिसळ खाऊ नका. नाशिकला येऊन हे ऐकायला जड जातं, मला मान्य आहे. मिसळ दुसऱ्या दिवशी, निघताना खा. तिखटाने जीभ चेतलेली असली की अल्कोहोल आणखी जाळतं, तांबड्या वाइनचा तुरटपणा दुप्पट वाटतो आणि चांगल्या शिराजला तुम्ही कडू म्हणून मोकळे होता. उपाशीपोटीही जाऊ नका. पोहे, उपमा, इडली असं सौम्य काहीतरी. अत्तर, परफ्यूम, सुगंधी तेल लावू नका, तुमच्यासाठी आणि शेजारच्यासाठीही. टेस्टिंगच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, पान, बडीशेप नको.

एका टेस्टिंगमध्ये चार ते सहा वाइन, प्रत्येकी साधारण ३० मिली. क्रम फसफसणारी, पांढरी, रोझे (गुलाबी), तांबडी आणि शेवटी गोड. गोड मध्येच आली तर नंतरची प्रत्येक वाइन आंबट लागते. व्हॅलोनेला वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाइन मिळाली तर ती सगळ्यात शेवटी मागा. ग्लास दांडीला धरा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा, हलवण्याआधी एकदा वास घ्या, हलवून पुन्हा घ्या. दोन वासांतला फरक हेच टेस्टिंगचं निम्मं काम. मग छोटा घोट, तोंडभर फिरवा, आणि थुंका. काउंटरवर बादली किंवा मडकं असतं, नसेल तर मागा. त्यात उद्धट काही नाही, वाइनरीतले लोक स्वतः दिवसभर तेच करतात.

आता एक गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही. बाटली कधी उघडली ते विचारा. मंगळवार-बुधवारी गर्दी नसते, माणूस वेळ देतो, पण तुमच्या ग्लासातली वाइन काल दुपारी उघडलेली असू शकते. रविवारी बोलायला वेळ नसतो, पण बाटल्या भराभर संपतात म्हणून वाइन ताजी. शनिवारी सकाळी पहिल्या वेळेला आणखी सावध, कारण शुक्रवारची उरलेली आधी संपवली जाऊ शकते. पांढऱ्या वाइनला कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला, रंग पिवळट-तपकिरी झाला तर तिला हवा लागलेली आहे. नम्रपणे नवीन बाटली मागा, चांगल्या ठिकाणी लगेच उघडतात. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद गोदामाचा वास आला तर तो बुचाचा दोष, तो हलवून जात नाही. फिरकीच्या झाकणाच्या शिराजला कधी कधी उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो मात्र ग्लास जोरात दोन मिनिटं फिरवला की उडतो. तेवढ्यावरून वाइन नाकारू नका.

तापमान पण बघा. पांढरी ८ ते १२ अंशांना हवी. बर्फात ठेवून चारवर आणली की तिचा वास बंद होतो, ग्लास तळहातात धरून पाच मिनिटं थांबा. तांबडी १६ ते १८. नाशिकच्या दुपारी 'रूम टेंपरेचर' म्हणजे तीस अंश, त्याला फक्त अल्कोहोल नाकात जातं. तांबडी दहा मिनिटं थंड करून द्या असं बिनधास्त सांगा.

टूरमध्ये स्टीलच्या टाकीवर बाहेरून पाणी साचलेलं, कधी दवाचा बर्फ दिसेल. टाकीच्या कवचातून थंड द्रव फिरतो. पांढरी वाइन १४ ते १८ अंशांवर सावकाश आंबवतात, तांबडी २४ ते २८ वर, म्हणजे सालीतला रंग उतरतो. हिशोब सोपा आहे: लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल. २२ ब्रिक्सच्या द्राक्षाची वाइन साडेबारा-तेराच्या आसपास का येते ते यातून कळतं. शांदोंला दुसरं आंबवणं बाटलीत होतं: लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात, आत सहा बारपर्यंत दाब तयार होतो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार असतो, त्यावरून त्या जाड काचेचा अंदाज घ्या.

आंबवणं चालू असलेल्या टाकीच्या तोंडात डोकं घालून वास घेऊ नका. तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, एका श्वासात चक्कर येते. फरशी ओली असते, बूट रबरी तळाचे हवेत.

एक गैरसमजही काढून टाकतो. फेब्रुवारीत जी द्राक्षं येताना बघता ती तुमच्या ग्लासात नसतात. ग्लासातली पांढरी गेल्या वर्षीची, तांबडी त्याआधीची. 'या वर्षीची टाकीतून थोडी चाखता येईल का' असं विचारून बघा. गढूळ, यीस्टचा वास असलेली, आंबट असते, पण तयार वाइनशेजारी ठेवून चाखली की सहा महिन्यांत काय होतं ते जिभेवर कळतं.

आईबाबांसाठी: टूर न पिणाऱ्यालाही घेता येते. टेस्टिंगच्या वेळी त्यांना नुसतं बसवून ठेवू नका, ग्लास हातात द्या, वास घेऊ द्या. वासाने काही चढत नाही.

इंद्रायणीकाठ

भरपूर मिळालं, मनापासून आभार. सापुतारा रद्द. पाचावरून तीनवर आलो: शनिवारी व्हॅलोने, रविवारी सकाळी सुला, दुपारी यॉर्क. एक शंका आहे. ३० मिलीचे पाच घोट म्हणजे एकच ग्लास झाला. तेवढ्यावर मी गाडी चालवायला हरकत नाही ना? बाबांना हल्ली लांबचं ड्रायव्हिंग जमत नाही.

गोदातीर

हरकत आहे. आकडे मांडून बघा.

१५० मिली वाइन, १२ टक्के, म्हणजे १८ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण १४ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याचे १०० मिलीमागे सुमारे ३० मिलिग्रॅम होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा नेमकी ३० आहे. म्हणजे एका टेस्टिंगमध्येच तुम्ही काठावर. तांबडी साडेतेरा टक्क्यांची असली, ओतणाऱ्याचा हात सैल असला, तर पलीकडे. ५५ किलोच्या बाईला तेवढ्यातच ४५ च्या वर. पहिल्यांदा सापडलात तरी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शरीर तासाला १० ते १५ मिलिग्रॅम उतरवतं, कॉफीने किंवा लिंबूपाण्याने त्याचा वेग वाढत नाही. दोन टेस्टिंग केल्या तर पूर्ण उतरायला चार ते सहा तास.

शनिवारी एकजण ठरवून फक्त वास घेईल किंवा काहीही न गिळता थुंकेल आणि तोच नाशिकपर्यंत चालवेल. रविवारी गाडी हॉटेलवर ठेवा आणि आठ तास-ऐंशी किलोमीटरची टॅक्सी करा, सहाजणांसाठी मोठी. शहर, सुला, यॉर्क आणि परत हे ऐंशीत आरामात बसतं. दिंडोरीही बसते, इगतपुरी बसत नाही. जाताना ॲपवरून रिक्षा-टॅक्सी मिळते म्हणून तिच्या भरवशावर राहू नका. संध्याकाळी धरणाच्या बाजूला परतीची गाडी मिळणं अवघड, त्यात नेटवर्क जातं-येतं.

इतरांसाठी: मुंबईहून येणाऱ्यांनी गाडी आणूच नये असं माझं मत. सकाळची तपोवन एक्स्प्रेस नाशिक रोडला आणते, संध्याकाळी तीच परत नेते. नाशिक रोड ते सुला वीसेक किलोमीटर.

बॅरल_२२५

बाटल्यांचं राहिलं होतं. रविवारी शेवटच्या ठिकाणाहून घ्या, आदल्या दिवशी घेऊन गाडीत ठेवू नका. फेब्रुवारीतही उन्हात उभ्या बंद गाडीत दुपारी पन्नास अंशांपर्यंत जातं. वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं, बाजूने चिकट थेंब येतो. अशी बाटली घरी उघडली की शिजवलेल्या फळासारखी लागते आणि दोष वाइनरीला जातो. थर्माकोलचा डबा आणि दोन जेल पॅक आणा, डबा डिकीत न ठेवता एसीच्या हवेत, मागच्या सीटच्या पायाशी. बिल आणि पिण्याचा परवाना बाटल्यांसोबत ठेवा, एक दिवसाचा परवाना खरेदी करतानाच मिळतो.

काय घ्यावं: जे पुण्याच्या दुकानात सहज मिळतं ते इथून वाहून नेऊ नका. टेस्टिंगमध्ये आवडलेली आणि फक्त वाइनरीवर मिळणारी वाइन कोणती, ते काउंटरवर विचारा. लेबलावरचं साल बघा. पांढरी आणि रोझे खुड्यापासून दोन वर्षांत संपवावी, इथल्या शेनिन, सोव्हिनियों साठवून सहसा सुधारत नाहीत. बॅरलमध्ये मुरलेली तांबडी चार-पाच वर्षं थांबते, पण पुण्यातल्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर नाही. जागा थंड नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, बूच असेल तर आडवी, फिरकीचं झाकण असेल तर कशीही.

काडी_ओलांडा

बाबांना व्हॅलोनेला टूरच्या आधी बांधावरून एक फेरी मारू द्या, परवानगी विचारून. आणि सोमवारी मोकळा दिवस आहेच तर परतताना पिंपळगाव बसवंतचा बाजार दाखवा. नाशिकहून तीसेक किलोमीटर उलट दिशेला आहे, पण वाटेत ओझरपासून दोन्ही बाजूंना खाण्याच्या द्राक्षांच्या बागा आहेत, खुडा आणि पॅकिंग एकाच वेळी चालू असतं. शनिवारची वाइनची बाग आणि सोमवारची ही बाग दोन दिवसांच्या अंतराने बघितली की वर लिहिलेला मण्याचा आणि सालीचा फरक त्यांना हातात धरून दिसेल. सकाळी नऊच्या आत पोहोचा.